महाबळेश्वरची शेगडी

आषाढातल्या एखाद्या दुपारी महाबळेश्वरी वेण्णा तळ्याच्या काठाने जाणाऱ्या मनुष्यास तळे बहुधा दिसतच नाही. धुके असे दाट की दहा पावलांवरचे झाड ओळखू येऊ नये, आणि पाऊस वरून पडतो की चहूंकडून येतो हे कळू नये. अशा वेळी प्रवाशाच्या डोळ्यांआधी नाकास वाट सापडते. भाजत्या मक्याच्या कणसाचा वास येतो, आणि त्या रोखाने चार पावले टाकली म्हणजे ताडपत्रीच्या आडोशाला एक लहानशी शेगडी, तीत फुललेले निखारे आणि पुठ्ठ्याने वारा घालीत बसलेली एक बाई दिसते. लिंबाच्या फोडीने तिखटमीठ चोळलेले ते कणीस, बोटे भाजत आणि पाठ भिजत, उभ्याउभ्या खाण्यात जे सुख आहे ते पंक्तीतल्या पक्वान्नांत नाही, याची साक्ष पावसाळ्यात तिकडे जाऊन आलेला कोणीही देईल.

ह्या सुखाविषयी आम्ही आज लिहिणार आहोत. पण नुसत्या सुखाविषयी नव्हे. त्या शेगडीतला कोळसा कोठून आला, तो कोणी पाडला, आणि रानातले लाकूड जाळण्याचा अधिकार कोणाचा होता व कोणाचा गेला, याला एक इतिहास आहे. महाबळेश्वरच्या माथ्यावर तो विशेष स्पष्टपणे वाचता येतो.

प्रथम कोळशाविषयीच दोन शब्द. खाणीतून निघतो तो दगडी कोळसा आणि लाकडापासून होतो तो लोणारी कोळसा, असा भेद आपली भाषा करीत आली आहे. चुना भाजणे व कोळसा पाडणे हा ज्यांचा पिढीजात धंदा, त्या लोणारी लोकांचे नाव ह्या कोळशास कायमचे चिकटले. 'कोळसा पाडणे' हा शब्दप्रयोगही ध्यानात घेण्याजोगा आहे. रानात लाकडे रचून त्यांवर पाला व माती लिंपतात, खाली अग्नी घालतात, आणि वारा अगदी बेताने आत जाईल अशी योजना करतात. लाकूड जळून राख होऊ द्यायचे नाही. त्यातले पाणी आणि धूर तेवढा काढून टाकायचा. हे काम काही दिवस चालते. ह्या अवधीत भट्टीवरच्या मनुष्यास स्वस्थ झोप मिळत नाही, कारण मातीस एखादी भेग पडून वारा आत शिरला तर साऱ्या श्रमाची राख व्हायची. इतके करून चार-पाच मण लाकडाचा जेमतेम एक मण कोळसा पदरी पडतो.

शेगडीचे सारे गुण ह्या खटाटोपातून येतात. लाकडाची चूल धुराने डोळे लाल करते. निखारा मात्र जवळजवळ धुरावाचून जळतो, ज्वाळेवाचून तापतो, आणि वजनास लाकडाच्या सुमारे दुप्पट उष्णता देतो. म्हणून तो माजघरात आणता येतो, बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवता येतो. परंतु धूर नाहीसा झाला असे मात्र नव्हे. तो आधीच, दूर रानात, दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांत गेलेला असतो. आमच्या वाट्यास निखारा येतो आणि त्याच्या वाट्यास धूर. ह्या लेखाचे सार पाहू गेल्यास एवढेच आहे.

निखाऱ्यावर भाजून खाण्याची हौस आपल्याकडे साहेबाने आणली, असा एक समज सुशिक्षितांत आढळतो. 'बार्बेक्यू' हा शब्द परका आहे खरा. तो मूळचा वेस्ट इंडीज बेटांतील ताइनो लोकांचा. ओव्हिएदो नामक स्पॅनिश ग्रंथकाराने १५२६ साली तो लिहून ठेवला आणि तेथून तो इंग्रजीत आला. पण वस्तू परकी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याच्या राज्यात आजच्या दक्षिण महाराष्ट्राचा मोठा भाग येत होता, त्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मांसाचे तुकडे शूळावर ओवून निखाऱ्यांवर भाजण्याच्या कृती राजाने मोठ्या आवडीने सांगितल्या आहेत. तेव्हा आज महाबळेश्वरच्या बंगल्यांच्या अंगणांत जे चालते ते सोमेश्वराने पाहिले असते तर त्यास नवल वाटले नसते. मसाल्याविषयी त्याने कदाचित दोन शब्द सुनावले असते.

परंतु राजाच्या मुदपाकखान्याहूनही अधिक कोळसा ह्या डोंगरावर एका निराळ्याच कामी खर्ची पडत असे. महाबळेश्वरचा माथा जांभ्या दगडाचा आहे आणि जांभ्यात लोहाचा अंश असतो. तो गाळून लोखंड काढणारे धावड नावाचे मुसलमान कारागीर ह्या डोंगरात राहत. मातीची लहान भट्टी, कातड्याचे भाते आणि लोणारी कोळसा एवढीच त्यांची सामग्री. त्यांच्या भट्टीत कोळसा दुहेरी काम करी: एक तर तो ताप देई, आणि दुसरे म्हणजे दगडातील लोहाशी जखडलेला प्राणवायू ओढून घेऊन लोह मोकळे करी. अशा भट्टीत लोखंड वितळून वाहत नसे. सच्छिद्र गोळ्याच्या रूपाने हाती येई आणि घणाखाली ठोकून ठोकून त्यातला मळ काढावा लागे. विळा, कोयता, नांगराचा फाळ ह्यांना लागणारे लोखंड असे घरच्याच दगडातून आणि घरच्याच रानातून निघत होते.

रान त्या काळी कोणीही कसेही तोडावे असे बेवारशी नव्हते. इसवी सन १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेले आज्ञापत्र प्रसिद्धच आहे. आरमारासाठी लाकूड तोडताना राज्यातील रानांतले साग वगैरे वृक्ष परवानगीने तोडावेत. पण आंबा, फणस ह्यांना हात लावू नये, कारण रयतेने ते लेकरांप्रमाणे पाळलेले असतात, आणि कोणा एकाचे झाड घ्यावेच लागले तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्यातील आशय आहे. झाडामागे माणूस असतो, हे त्या राज्यकर्त्याने ओळखले होते.

पुढे इंग्रज आले. १८२४ साली जनरल लॉडविक हा डोंगरावर चढला. १८२८ साली गव्हर्नर सर जॉन माल्कम याने येथे आरोग्यस्थान करण्याचे मनावर घेतले. आणि १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार होऊन, वाईकडील खंडाळा गाव मोबदल्यात देऊन, इंग्रजांनी हे ठाणे आपल्याकडे घेतले. नव्या वस्तीस माल्कमपेठ हे नाव पडले. बंगले उठले आणि कित्येकांत विलायती धर्तीच्या शेकोट्या भिंतींत बसविण्यात आल्या. येथील तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांनी बटाटे व विलायती भाज्या ह्यांचे मळे फुलविले. तो तुरुंग १८६४ साली मोडला. पण बटाटा डोंगरावर राहिला, आणि आजही गरम राखेत भाजलेला बटाटा सोलताना त्या परदेशी बंदिवानांची आठवण कोणी काढीत नाही.

मग सरकारचे लक्ष रानाकडे वळले. १८६५ चा आणि पुढे १८७८ चा असे जंगलाचे दोन कायदे झाले, आणि डोंगरच्या डोंगर राखीव ठरले. धावडांवर आता दोन घाव एकदम बसले. एकीकडे आगबोटींतून स्वस्त विलायती लोखंड येऊ लागले आणि दुसरीकडे कोळशाचे रान बंद झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची भट्टी विझली ती कायमची. गुराख्याचे आणि कुणब्याचेही हाल झाले; जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना जंगलखात्याच्या जुलमाची जी कैफियत मांडली, तिच्यामागे असेच डोंगरपायथ्याचे अनुभव होते. धावडाची भट्टी विझली, पण बंगल्यातली शेकोटी विझली नाही.

ह्या ठिकाणी न्यायबुद्धीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. महाबळेश्वरच्या माथ्यावरचे जांभूळ, हिरडा, अंजनी ह्यांचे दाट रान आज जे उभे दिसते, त्याचे काही श्रेय त्या कठोर बंदीस द्यावेच लागेल. कायद्याने झाड वाचले आणि माणूस वाऱ्यावर सोडला; दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता घराकडे वळू. रानाचा कोळसा महाग झाला, तरी माल्कमपेठेच्या दुकानदारांच्या आणि कारकुनांच्या घरी, खाली वाई-साताऱ्याच्या वाड्यांत, शेगडी पेटतच राहिली. आणि महाग झाला म्हणूनच ती पेटविण्याचे एक शास्त्र घरच्या बायकांनी सिद्ध केले. त्या शास्त्राचे पहिले सूत्र असे की निखारा एका कामासाठी कधी पेटवायचा नाही. सकाळी त्यावर चहाचे आधण, मग वरण, वरण उतरले की वाटणाचे कांदे आणि खोबऱ्याची वाटी, निखाऱ्यावर राख धरू लागली की दुधाचे पातेले, म्हणजे दुपारपर्यंत जाड साय येते. इस्त्रीत घालायला चार निखारे, एखादा तुपाचा थेंब टाकून भरिताला धुंगार द्यायला एक. उरलेले झाकणाच्या डब्यात कोंडून विझवायचे, ते उद्याला. पोत्याच्या तळाचा चुरा शेणात कालवून त्याचे गोळे वाळत घालायचे. राखेने भांडी घासायची. पाच मण लाकडाचा एक मण कोळसा होतो हे त्या गृहिणीस कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. पण तिचा प्रत्येक हात ते जाणून चालत होता.

दुसरे सूत्र ऋतूचे. पावसाळ्यात महाबळेश्वरी दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. इंग्रजी अमदानीत पावसाआधी साहेबलोक खाली उतरून जात, आणि मागे राहिलेले रहिवासी गवताच्या ताट्यांनी भिंती झाकून घेत. त्या अंधाऱ्या, ओल्या महिन्यांत शेगडी हेच घरातले ऊन. तिच्यावर उलटी टोपली ठेवून बाळाची दुपटी वाळवायची, तिच्यावर पापड भाजायचा आणि कणीस फिरवायचे. महाडकडून घाट चढून आलेले सुके बोंबील ज्यांच्या घरी चालतात, त्यांच्याकडे श्रावण लागण्यापूर्वी त्यांचा खमंग वास गल्लीभर जातो आणि शेजारधर्माची परीक्षा पाहतो.

पाऊस सरून थंडी पडू लागली की वांग्याचे दिवस येतात. जी कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरी गोमुखातून निघते, तिच्याच काठची, वाईपासून सांगलीपर्यंतची वांगी प्रसिद्ध आहेत. वांग्यास तेलाचा हात लावून, दोन टोचे मारून ते निखाऱ्यांवर ठेवावे आणि घाई करू नये. साल काळी पडून सुटू लागते, आतला गर स्वतःच्याच वाफेत शिजतो, आणि गळलेला रस निखाऱ्यावर पडून जो धूर उठतो त्याने भरितास चव येते. भाजण्याचे मर्म येथेच आहे. चांगल्या कोळशास स्वतःचा वास फारसा नसतो. भाजणाऱ्या पदार्थाचा रस आणि स्नेह निखाऱ्यावर गळून जळतो, त्याचा तो वास. पदार्थ आपल्याच धुराने सुगंधित होतो.

पौषात वेण्णा तळ्याच्या परिसरात पहाटेचे दव गोठून गवत पांढरे होते. तेव्हा खाली साताऱ्याच्या पूर्वेस आणि सांगलीकडे ज्वारीच्या शेतांत हुरडा सुरू होतो. तेथे निखारा कोळशाचा नव्हे, गोवऱ्यांचा. जमिनीत केलेल्या आगटीत कणसे भाजून तळहातांवर चोळायची, फुंकर घालायची, आणि दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. डोंगरावर ह्याच दिवसांत सामिष घरांतून शेगडी अंगणात येते आणि सोमेश्वराची सळई पुन्हा फिरू लागते. माघात महाशिवरात्रीस क्षेत्रास यात्रा भरते. उपवासाची रताळी फुफाट्यात पुरायची आणि सालीसकट काढून वर ताजे लोणी घालायचे. फाल्गुनात होळीतला काळा पडलेला नारळ. चैत्रात कैरी निखाऱ्यावर भाजून केलेले पन्हे. उन्हाळ्याचा दाह विस्तवानेच शमवायचा, ही युक्ती आपल्या लोकांस फार पूर्वी सुचली. अशा रीतीने वर्षाचे चाक शेगडीभोवती फिरून पुन्हा आषाढाच्या कणसापाशी येते.

१८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' निघाले आणि १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र'. ही पुस्तके ज्या घरांत वाचली गेली त्यांत विस्तव म्हणजे चूल नाही तर शेगडीच. ताप मोजावयाचा तो अंश पाहून नव्हे, निखाऱ्यावर हात धरून. ती मोजणी पुढे एकाएकी बंद पडली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा आपल्या इलाख्यात कोळशाच्या वायूवर मोटारी चालविल्या गेल्या. बसगाडीच्या पाठीशी भट्टी जोडलेली असे. ह्या भट्ट्यांसाठी पुष्कळ रान तुटले. नंतर घरोघर स्टोव्ह आला, १९५५ च्या सुमारास मुंबईत सिलिंडरचा गॅस आला, आणि हळूहळू शेगडी माळ्यावर गेली. तरी शहरांतील कोळशाची मागणी पुढेही काही काळ टिकून होती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आसपासचे डोंगर बोडके होत असताना देवाच्या भयाने राखलेली तेवढी राई शिल्लक, असे चित्र त्यांना ठिकठिकाणी दिसले. २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी हा प्रदेश केंद्र सरकारने पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनक्षम म्हणून जाहीर केला. आता तेथील रानात कोळसा पाडणे सुटत नाही, आणि ते योग्यच आहे.

मग आजच्या शेगडीत कोळसा येतो कोठून? बहुतांशी तो दुष्काळी मुलखातल्या वेड्या बाभळीचा असतो. ती भट्टी लावण्यास पुष्कळदा रायगड-पुण्याच्या डोंगरांतील कातकरी कुटुंबे जातात. पावसाळा संपला की मुकादमाची उचल घ्यायची, बायकापोरांसह परमुलखात माळावर पाल ठोकायचे, आणि ती उचल फिटेपर्यंत धूर खायचा. फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा. मुलांची शाळा तेथे नसते. एके काळी धावडाचा निखारा हिरावला गेला. आज कातकऱ्याच्या पदरात निखारा नाही, केवळ धूर आहे.

हे वाचून शेगडी पेटवू नये असा निष्कर्ष कोणी काढील तर आमचे लिहिणे फुकट गेले. पेटवावी, पण जुन्या घरची रीत सांभाळून पेटवावी. हल्ली महाबळेश्वरी बंगला भाड्याने घेऊन रात्री अंगणात मांस अथवा पनीर भाजण्याची हौस वाढली आहे. तीत वाईट काही नाही. उलट चार माणसे भिंतीवरच्या चित्रांकडे न पाहता एका विस्तवाकडे पाहत बसतात, हे चांगलेच. मात्र पोतेभर कोळसा फुलवायचा, चार सळया भाजायच्या आणि लाल निखाऱ्यांवर पाण्याची बादली ओतून निजायला जायचे, हे पाहून जुन्या गृहिणीस रडू आले असते. कोळसा घेताना तो कोणाकडून आला हे दुकानदारास विचारावे. विचारणारे वाढले म्हणजे उत्तर देणारेही सुधारतात. आणि आणखी एक गोष्ट, ती जिवाची: थंडी कितीही असो, पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून कोणी निजू नये. निखाऱ्यास धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. तो दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि झोपलेल्यास तो जागे होऊ देत नाही.

जे दिसत नाही ते नाहीच असे समजणे ही निखाऱ्याच्या बाबतीतली मोठी चूक होय. वेण्णेच्या काठच्या त्या बाईने दिलेले कणीस हाती घेताना आम्ही तिला सहज विचारले की दिवसाला कोळसा किती लागतो. तिने टोपल्याकडे पाहिले, शेगडीकडे पाहिले, आणि दोन निखारे चिमट्याने उचलून राखेखाली दडपीत ती म्हणाली, "गिऱ्हाईक येईल तेवढाच फुलवायचा बघा." सोमेश्वराच्या ग्रंथात हे सूत्र असेल की नाही हे आम्हांस ठाऊक नाही, पण प्रत्येक घरच्या शेगडीवर ते कोरून ठेवण्याजोगे आहे.